किनाऱ्याला एक अख्खा दिवस

कावेरीच्या खोऱ्यात मराठी प्रवाशांच्या सहली आखणं हे माझं काम. पुण्या-मुंबईहून, नागपूर-कोल्हापूरहून माणसं तंजावरकडे येतात ती दोन ओढींनी: चोळांची देवळं आणि भोसल्यांचं राज्य. मुक्काम मी शक्यतो पापनाशमला ठेवते. तंजावर आणि कुंभकोणम यांच्या मधलं, रेल्वेमार्गावरचं हे तालुक्याचं गाव. दोन्ही शहरं इथून जवळ, आणि भाताचा मुलूख अगदी उंबऱ्याशी. नायक राजांच्या काळातलं विटांचं प्रचंड धान्यकोठार इथे अजून उभं आहे. या कामात माझं एक मत हळूहळू पक्कं होत गेलं आणि ते कारणांसकट मांडावंसं वाटतं. तंजावरच्या सहलीत एक अख्खा दिवस समुद्राकाठच्या मासेमारीच्या गावाला द्यायला हवा, आणि तो निवांत द्यायला हवा. मी ज्या गावाबद्दल बोलते आहे ते मल्लिपट्टिनम. ते याच जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे आणि तंजावरच्या भोसले घराण्यातल्या सरफोजीराजांचा मनोरा त्याला लागूनच आहे. निवांत म्हणजे सकाळी पोचायचं, संध्याकाळी निघायचं, आणि मध्ये ठिकाणांची यादी हातात धरायची नाही. हा निवांतपणा मला चैन म्हणून नको आहे. मासेमारीचं गाव दुसऱ्या कोणत्याही रीतीने दिसतच नाही, असं माझं म्हणणं आहे.

देवळाला वेळ असते. दक्षिणेत ते पहाटे उघडतं, दुपारी मिटतं, चारच्या सुमाराला पुन्हा उघडतं. या वेळा जुळवल्या की नवग्रहांची नऊ क्षेत्रं एका दिवसात पुरी करता येतात, आणि तशा सहली रोज निघतातही. बंदराला असं वेळापत्रक नसतं. त्याचा दिवस वारा, हंगाम, कायदा आणि आपसातले करार मिळून ठरवतात. भारत आणि श्रीलंका यांच्यामधला पाल्कचा उपसागर उथळ आणि अरुंद आहे. तळ खरवडत जाणारे ट्रॉलर आणि लहान जाळी टाकणाऱ्या नावा, म्हणजे तमिळमध्ये विसैप्पडगु आणि नाट्टुप्पडगु, या एकाच पाण्यात उतरल्या की लहानांची जाळी फाटतात. त्यावरून भांडणं झाली, आणि त्यांतून आठवड्याची वाटणी ठरली: तीन दिवस ट्रॉलरांचे, उरलेले लहान नावांचे. तमिळनाडूच्या 1983 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने किनाऱ्यालगतचे तीन सागरी मैल पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवले. धक्क्यावर काय दिसेल हे म्हणून वारावर अवलंबून असतं. एका दिवशी मोठ्या होड्यांची रांग, बर्फाच्या गाड्या आणि व्यापाऱ्यांची गर्दी दिसेल. दुसऱ्या दिवशी लहान नावांतून उतरणाऱ्या खेकड्यांच्या टोपल्या. अर्ध्या तासासाठी आलेल्याला यांतली एक फाक दिसते आणि तेच गाव वाटतं. ही वाटणी दिसते ती थांबणाऱ्याला. आज कोणाच्या होड्या बांधलेल्या आहेत आणि का, हे विचारायला त्याच्यापाशी वेळ असतो.

मराठी प्रवाशांच्या बाबतीत ही गोष्ट जास्तच खरी ठरते, आणि त्याचं कारण आपल्या शाळांच्या सुट्ट्यांत आहे. आपल्याकडे यांत्रिक मासेमारी पावसाळ्यात, जून-जुलैत बंद असते, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून हंगाम उघडतो. पूर्व किनाऱ्यावर बंदी 15 एप्रिल ते 14 जून अशी 61 दिवस असते. आपली कुटुंबं सहलीला निघतात ती नेमकी याच काळात. त्यामुळे मे महिन्यात मल्लिपट्टिनमला उतरलेल्या प्रवाशाचा पहिला उद्गार असतो, की इथे तर सगळं बंदच आहे. तो लगेच गाडीत बसला तर हेच मत घेऊन घरी जातो. बसला नाही, तर त्याला कळतं की होड्या कोरड्यात ओढल्या आहेत त्या दुरुस्तीसाठी. फळ्या बदलल्या जात आहेत, सांधे भरले जात आहेत, इंजिनं उघडली आहेत, रंगाचे हात चालले आहेत, सावलीला जाळी तुणली जात आहेत. वर्षभराच्या कमाईचा पाया या दोन महिन्यांत घातला जातो, आणि तोही हातात रोख पैसा नसताना. या काळात मच्छीमार कुटुंबाला सरकारकडून मिळणारी मदत 2023 मध्ये जाहीर झालेल्या वाढीनंतर 5,000 वरून 8,000 रुपयांवर गेली. दोन महिन्यांच्या घरखर्चाशी हा आकडा ताडून पाहिला की बंदीचं ओझं कोणाच्या खांद्यावर किती आहे ते उमगतं. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांना वेगळाच किनारा भेटतो. तेव्हा ईशान्य मोसमी पावसाचे, वादळांचे दिवस असतात. 16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे गज चक्रीवादळ याच पट्ट्यावर आलं. इथल्या होड्या फुटल्या, पट्टुकोट्टैकडच्या नारळाच्या बागा मुळासकट आडव्या झाल्या. नारळाचं झाड पुन्हा फळाला यायला किती वर्षं लागतात हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

दिवसभर एका जागी राहिलं की पैशाचा मार्गही दिसू लागतो. हर्णैच्या पुळणीवरचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना इथल्या लिलावाचा सूर ओळखीचा वाटेल. पण लिलाव हा व्यवहाराचा फक्त वरचा पदर आहे. होडी, इंजिन, जाळं यांसाठी मच्छीमाराने व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असली, की मासळी त्यालाच घालावी लागते, आणि मग भावाची घासाघीस मोकळेपणाने होत नाही. कोळंबी आणि निळ्या पायांचे खेकडे परदेशी जाणाऱ्या मालात मोडतात. ते झटपट वेगळे काढले जातात, बर्फात जातात आणि गावाबाहेर पडतात. गावात आणि आसपासच्या खेड्यांत विकायला जे उरतं ते बायकांच्या टोपल्यांत येतं. ही विभागणी पाच मिनिटांत दिसत नाही. पहिल्या तासाला नुसता गलका असतो. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला कोण बोली लावतं, कोण गप्प उभं राहतं, कोण मोजतं आणि कोण उचलतं हे लक्षात येऊ लागतं. दुपारी, आवाज ओसरल्यावर, माणसं बोलायला मोकळी होतात. कोणताही जिवंत व्यवसाय समजून घ्यायचा तर त्याच्या कामाची पाळी संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि इथली पाळी अख्ख्या दिवसाची आहे.

आता इतिहासाकडे येते, कारण मराठी माणूस तंजावरला मुख्यतः त्यासाठीच येतो. मनोरा तंजावरपासून सुमारे 65 किलोमीटरवर, सरबेंद्रराजनपट्टिनम या गावात आहे. हे गाव सरफोजीराजांच्याच नावाचं. मनोऱ्याची उंची सुमारे 75 फूट, आकार षटकोनी, एकावर एक निमुळते होत गेलेले मजले, भोवती तट आणि खंदक. नेपोलियनच्या पाडावाची आणि ब्रिटिशांच्या विजयाची आठवण म्हणून दुसऱ्या सरफोजींनी तो उभारला. तिथल्या शिलालेखांत मराठीही आहे, आणि राजा स्वतःचा उल्लेख ब्रिटिश सरकारचा मित्र आणि सहकारी असा करतो. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत बहुधा वॉटर्लूचं नाव असतं. ती लढाई जून 1815 मधली, आणि लेखात वर्ष आहे 1814, म्हणजे नेपोलियनने पहिल्यांदा गादी सोडली ते साल. पायरीवर बसून लेख वाचणाऱ्यालाच हा फरक सापडतो. ही वास्तू पाहून पुष्कळ मराठी प्रवासी खट्टू होतात. भोसल्यांच्या वंशजाने इंग्रजांच्या विजयाचा मनोरा बांधावा, हे मनाला लागतं. ते मला समजतं. पण त्यावर निकाल देण्याआधी 1799 चा तह डोळ्यांपुढे ठेवायला हवा. आदल्याच वर्षी सरफोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या पाठिंब्याने गादीवर आले होते. या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, आणि राजाकडे तंजावरचा किल्ला, त्याच्या आसपासचा थोडा भाग आणि ठरलेलं उत्पन्न एवढंच उरलं. ज्या किनाऱ्यावर त्यांनी मनोरा बांधला तिथे त्यांची सत्ता चालत नव्हती. विजयस्तंभ दुसऱ्याच्या नावाचा का आहे, याचं उत्तर या वस्तुस्थितीत आहे. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारा, बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 मध्ये भोसलेवंशाचं चरित्र मराठीत कोरवून घेणारा राजा इतक्या अडचणीत काय करू पाहत होता, हा प्रश्न तंजावरच्या राजवाड्यापेक्षा या किनाऱ्यावर जास्त टोकदार होतो.

मनोऱ्याकडे येणाऱ्या वाटेवर दुसरा, मला अधिक मोलाचा वाटणारा पुरावा आहे. रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट इथूनच, किनाऱ्याने जायची, आणि तंजावरच्या मराठी राजांनी तिच्यावर छत्रं, म्हणजे वाटसरूंना अन्न आणि निवारा देणाऱ्या धर्मशाळा, उभारली. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र सरफोजींनी 1802 मध्ये उभारलं. मल्लिपट्टिनमच्या शेजारच्या गावाचं तर नावच सेतुबावाछत्रम. 1801 मध्ये सरफोजींनी कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना या छत्रांविषयी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्यांपर्यंत प्रत्येक वाटसरूला तिथे अन्न मिळे. शिजलेलं नको असेल त्याला कोरडा शिधा दिला जाई. मध्यरात्री घंटा वाजवून, जेवायचं कोणी राहिलं आहे का, असं पुकारलं जाई. आजारी पडलेल्याला औषध आणि पथ्याचं अन्न मिळे, वाटेत बाळंत झालेल्या बाईला तीन महिने राहता येई, आणि परक्या मुलखात पोरक्या झालेल्या मुलांना शिक्षकाच्या हाती सोपवून सांभाळलं जाई. राजाची सत्ता जाऊनही त्याला या व्यवस्थेची किती काळजी होती, हे त्या पत्रातून दिसतं. माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट ही, की या वाटेची सगळी रचना थांबणाऱ्या माणसासाठी होती. वाटसरू थकेल, आजारी पडेल, एखादा दिवस जास्त राहील, हे गृहीत धरून पैसा आणि माणसं नेमलेली होती. आज त्याच वाटेवर आपण थांब्याचे मिनिटांत हिशेब करतो, तेव्हा मराठी राजांनी या मुलखाला दिलेल्या सर्वांत चांगल्या गोष्टीकडेच पाठ फिरवतो.

माझ्या या आग्रहावर घेतल्या जाणाऱ्या हरकतींना उत्तर देणं माझं कर्तव्य आहे. पहिली हरकत अशी, की समुद्रच पाहायचा तर तरंगमबाडी का नको? तिथे 1620 मध्ये रघुनाथ नायकाच्या परवानगीने आलेल्या डेन्मार्कच्या कंपनीचा किल्ला आहे, 1718 चं चर्च आहे, झीगेनबाल्ग यांनी तमिळ पुस्तकं जिथे छापली त्या छापखान्याचा इतिहास आहे, आणि हे सगळं एका सरळ रस्त्याच्या दुतर्फा आहे. मल्लिपट्टिनमला यांतलं काहीच नाही. ही हरकत वजनदार आहे. तरंगमबाडी मीही यादीत ठेवते. सरफोजींना घडवणारे मिशनरी श्वार्ट्झ 1750 मध्ये तिथेच आले होते, हा धागा मराठी प्रवाशाने सोडू नये. पण तरंगमबाडीचा बहुतेक प्रवास वास्तूंवरच संपतो. किल्ल्याच्या पलीकडे त्या गावातही मच्छीमारांची मोठी वस्ती आहे, 26 डिसेंबर 2004 च्या सुनामीने ती उद्ध्वस्त केली होती, आणि आलेल्यांपैकी थोडेच तिथवर चालत जातात. प्रेक्षणीय वास्तू जितक्या जास्त, तितकी माणसं मागे पडतात. मल्लिपट्टिनमला एकच मनोरा असल्यामुळे उरलेला दिवस माणसांसाठी मोकळा राहतो. ज्याला तरंगमबाडीच हवी त्याने तिथेही हाच नियम लावावा. माझा आग्रह गावापेक्षा दिवसाच्या रीतीबद्दल आहे.

दुसरी हरकत नैतिक आहे आणि मी ती सर्वांत गंभीर मानते. आपण सुट्टीवर, पोट भरलेले, आणि समोर माणसं पहाटेपासून राबत आहेत. त्यांचं कष्टाचं जगणं हा आपल्या विरंगुळ्याचा विषय कसा होऊ शकतो? त्यातही ही माणसं नुसती कष्टकरी नाहीत, संकटातली आहेत. 1974 आणि 1976 च्या करारांनी भारत-श्रीलंका सागरी सीमा ठरली. आपल्या बाजूची मासळी घटली, ट्रॉलर सीमा ओलांडू लागले, पलीकडच्या तमिळ मच्छीमारांचीच जाळी त्यांनी तोडली, आणि अटका, होड्यांची जप्ती हे नेहमीचं झालं. श्रीलंकेने 2017 मध्ये तळ खरवडणारी मासेमारी कायद्याने बंद केली. त्याच वर्षी भारताने ट्रॉलरांऐवजी खोल समुद्रात मासेमारी करणाऱ्या होड्या देण्याची योजना पाल्कच्या मच्छीमारांसाठी सुरू केली. या ताणाखाली जगणाऱ्या गावात मौजेने फिरायचं का? माझं उत्तर असं, की या विषमतेवर उतारा म्हणून निवांतपणा पुरेसा नाही, आणि तसा दावा मी करणार नाही. पण घाई तिच्यात भरच घालते. घाईतला प्रवासी लिलावाच्या मधोमध उभा राहून फोटो काढतो, वाट अडवतो, एक रुपयाही गावात न ठेवता निघून जातो. दिवसभर राहणारा तिथे जेवतो, चहा पितो, ओळख झाल्यावर विचारून फोटो काढतो, आणि सीमेचा प्रश्न वर्तमानपत्रातल्या एका बाजूपेक्षा मोठा आहे हे ऐकून जातो. म्हणून माझ्या आखणीत काही अटी पक्क्या असतात. लिलाव चालू असताना बाजूला राहायचं, घरांच्या ओळींत बोलावल्याशिवाय शिरायचं नाही, जेवण गावातल्याच खाणावळीत घ्यायचं, आणि स्थानिक दुभाष्याला योग्य मेहनताना द्यायचा.

तिसरी हरकत व्यवहाराची: समुद्राला जायचं तर मुक्काम किनाऱ्यावरच का नाही, पापनाशमहून दोन-अडीच तासांचा प्रवास कशाला? त्याचं कारण पाणी. पापनाशमच्या परिसरात कावेरीच्या शाखा फुटत जातात आणि त्यांच्यावर भात पिकतं. मल्लिपट्टिनमच्या बाजूला जुन्या शाखांचं पाणी पुरेसं पोचत नव्हतं. मेट्टूर धरण 1934 मध्ये पूर्ण झालं तेव्हाच कावेरीवरच्या कल्लणै बंधाऱ्यापासून नवा कालवा काढून पट्टुकोट्टैकडच्या कोरड्या पट्ट्याला कावेरी देण्यात आली. पापनाशमहून निघालं की ही सगळी उतरंड खिडकीतून दिसते: आधी भात, मग कालव्यावरची शेतं, मग नारळ, मग वाळू, खाजण आणि उथळ समुद्र. त्या उथळ पाण्यात सागरी गवताची कुरणं आहेत, आणि ती चरणाऱ्या डुगॉंगसाठी, म्हणजे समुद्रगाईसाठी, तंजावर आणि पुदुकोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचा सुमारे 448 चौरस किलोमीटरचा समुद्र 2022 मध्ये राखीव झाला. देशातलं हे पहिलं डुगॉंग संवर्धन क्षेत्र. जाळ्यात सापडलेली समुद्रगाय सोडून देणाऱ्या मच्छीमारांचा वनखातं सन्मान करतं, म्हणजे संरक्षणाचा खरा भार पुन्हा त्यांच्यावरच आहे. भाताचं कोठार आणि माशांचा धक्का एकाच जिल्ह्याची दोन टोकं आहेत, आणि त्यांच्यामधला रस्ता हा त्या दिवसाचा पहिला धडा आहे. किनाऱ्यावरच्या मुक्कामात तो चुकतो.

शेवटची हरकत मला वारंवार ऐकावी लागते आणि तिच्यामागची भावना प्रामाणिक आहे. माणसं वर्षानुवर्षं पैसे साठवून एकदाच इतक्या दूर येतात. सोबत म्हातारे आईवडील असतात, त्यांचे नवस असतात. जेवढं जमेल तेवढं पाहून घ्यावं, असं त्यांना वाटतं. शिवाय काही जण मासे खात नाहीत आणि त्यांना वासाचा त्रास होतो. वासाचं म्हणाल तर मनोऱ्याच्या आवारात वारा खेळता असतो आणि धक्क्यावर जाण्याची सक्ती कोणावरच नसते. वयस्कांचं म्हणाल तर दिवसभर गाडीत चढ-उतार करण्यापेक्षा एका जागी बसणं त्यांना झेपतं. उरतो प्रश्न हिशेबाचा. एका दिवसात नऊ क्षेत्रं केलेल्या प्रवाशांशी बोलताना मला आढळतं, की त्यांना देवळांचा क्रम आठवतो, पण कोणत्या देवळात काय पाहिलं ते एकमेकांत मिसळून जातं. ज्यांनी किनाऱ्याला दिवस दिला ते बंदी, बर्फ, उचल, छत्र, तह यांबद्दल बोलतात आणि घरी जाऊन आपल्याच रत्नागिरी-रायगडच्या बंदरांविषयी विचारू लागतात. पाहिलेल्या ठिकाणांची संख्या हे सहलीचं माप धरलं तर माझा दिवस वाया जातो. जे समजलं ते माप धरलं तर तोच दिवस सहलीतला सर्वांत किफायतशीर ठरतो.

म्हणून सहली आखणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना आणि निघण्याच्या तयारीत असलेल्या कुटुंबांना माझं सांगणं स्पष्ट आहे. तंजावरचा कार्यक्रम आठवड्याचा असेल तर त्यातली दोन-तीन ठिकाणं गाळा आणि एक पूर्ण दिवस मल्लिपट्टिनमला द्या. त्या दिवशी कोणत्या होड्या परततात याची आधी चौकशी करा. मे महिन्यात जात असाल तर बंदी चालू आहे हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगा, म्हणजे ती ओढून ठेवलेल्या होड्यांकडे कुतूहलाने पाहतील. मनोऱ्यावरचा मराठी लेख वाचायला त्यांना वेळ द्या. भोसल्यांच्या तंजावरचा अभिमान बाळगायचा तर त्या राज्याच्या सामर्थ्यासोबत त्याची असहायताही माहीत हवी, आणि ज्या किनाऱ्यावर ते राज्य संपतं तिथे आज कोण कसं जगतं हेही माहीत हवं. एवढं कळायला तंजावरचा राजवाडा अपुरा पडतो, आणि किनाऱ्यावरचा अर्धा तासही अपुरा पडतो.